गाओकाओचं इंग्रजी: शब्द पाठ आहेत, पॅसेज कळतो म्हणते, मग उत्तरं का चुकतात?

सुझौकरीण

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सध्या चीनमधे सुझौला राहतो. समोरच्या फ्लॅटमधली मुलगी गाओ-अरमधे आहे, म्हणजे आपली अकरावी, आणि पुढच्या जूनमधे तिची गाओकाओ, म्हणजे इकडची कॉलेज प्रवेशाची परीक्षा. तिची आई मला चिनी बोलायला शिकवते आणि मी लेकीला रविवारी इंग्रजी वाचायला घेऊन बसते, पैशाचा काही संबंध नाही, शेजारधर्म म्हणा.

पोरगी अतिशय कष्टाळू आहे हो. सकाळी पहिल्या तासाच्या आधी अख्खा वर्ग मोठमोठ्याने इंग्रजी वाचतो, रात्रीचा अभ्यासही शाळेतच, घरी येते तेव्हा आपल्याकडे लोक झोपायच्या तयारीत असतात. ३५०० शब्दांचं ते पुस्तक तिचं जवळजवळ तोंडपाठ आहे, कुठलाही शब्द विचारा, चिनी अर्थ फटकन सांगते. पण पेपरातल्या चार पॅसेजपैकी शेवटचे दोन, सी आणि डी, आले की चारातले दोन प्रश्न गेलेच. आणि तपासताना म्हणते काय, आंटी मला सगळं कळलं होतं. मी अर्थ विचारते तर एकेका वाक्याचा खरंच सांगते! तिच्या बाई म्हणतात अजून पेपर सोडव, आई म्हणते अजून शब्द पाठ कर. मला दोन्ही पटत नाहीये पण मी काही इंग्रजीची शिक्षिका नाही, बीकॉम आहे. कोणाला या परीक्षेची माहिती असेल तर प्लीज सांगा, आठवड्यातला एकच तास हातात आहे तर तो कशावर घालवू?

दुभाष्या

ताई, मी बरीच वर्षं चिनी-इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करतो आणि तिकडच्या मुलांचे हे पेपर आवडीने बघतो, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

आधी मार्कांचं गणित, म्हणजे तास कुठे घालवायचा ते कळेल. जिआंग्सूला, म्हणजे सुझौ ज्या प्रांतात आहे तिथे, जो पेपर असतो त्यात इंग्रजी १५० मार्कांचं, वेळ १२० मिनिटं. ऐकण्याचे ३०, वाचनाचे ५०, मग गाळलेले शब्द आणि व्याकरण मिळून ३०, लेखन ४०. वाचनाच्या ५० मधे ए ते डी चार पॅसेज, १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच मार्क, आणि वर ते सात वाक्यांतून पाच निवडून रिकाम्या जागी बसवायचं, त्याचे साडेबारा. म्हणजे तिचे सी आणि डी मधले दोन-दोन प्रश्न गेले की दहा मार्क गेले. त्या परीक्षेला २०२४ मधे १ कोटी ३४ लाखांवर मुलांनी नाव नोंदवलं होतं, तिथे दहा मार्क म्हणजे कॉलेज बदलतं, त्यामुळे आईची काळजी अगदी समजू शकतो.

आता मुद्द्याचं. शब्द वाढवून हे सुटणार नाही. नव्या अभ्यासक्रमात अपेक्षित शब्द साधारण ३००० आहेत, ३५०० हा जुना आकडा, पुस्तकांवर अजून तोच छापतात. तुमच्या मुलीकडे शब्द आहेत. तिचं काय होतंय ते मला वाटतं असं की ती पॅसेज वाचत नाही, पॅसेजमधे शब्द शोधते. प्रश्नातला शब्द पॅसेजमधे दिसला की तिथे थांबते आणि त्याच शब्दाचा पर्याय उचलते. पेपर काढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं आणि चुकीचे पर्याय ते बरोब्बर तसेच बनवतात.

उदाहरण सांगतो. २०२३ चा डी पॅसेज काढा, तिच्याकडे नक्की असेल. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९०७ मधे पेपर छापला तिथून सुरू होतो. खूप लोकांनी एकमेकांना न विचारता अंदाज केले तर त्यांची सरासरी खऱ्या उत्तराच्या बरीच जवळ जाते, असा विषय. मग पुढे येतं की नव्या अभ्यासात लोकांना छोट्या गटांत चर्चा करू दिली, तर पाच-पाच जणांच्या चार गटांची सरासरी ही वीस सुट्या माणसांच्या सरासरीपेक्षा चांगली निघाली. आणि शेवटी १०० विद्यार्थ्यांवर एक पुढचा अभ्यास, त्यावर प्रश्न आहे की या अभ्यासाचा भर कशावर होता. एक पर्याय आहे डॉमिनंट मेंबर्स. आता पॅसेजमधे डॉमिनंट हा शब्द आहे, पण कसा आहे बघा: लोक सगळ्यात ठाम माणसाच्या मागे गेले का, हट्टी माणसाच्या मागे गेले का, असं कधीकधी झालं पण तो डॉमिनंट रिस्पॉन्स नव्हता, बहुतेक वेळा त्यांनी मिळून विचार केला. म्हणजे उत्तर चर्चा कशी झाली हे. शब्द शोधणारी मुलगी डॉमिनंटवर जाऊन बसते, आणि तिला त्या परिच्छेदातला एकही शब्द अडलेला नसतो! म्हणून ती म्हणते मला सगळं कळलं होतं, आणि ती खोटं बोलत नाहीये.

चिनी शिक्षक अशा पर्यायाला झांगची टोपी लीच्या डोक्यावर म्हणतात, म्हणजे एकाची गोष्ट दुसऱ्याला चिकटवणं. दुसरा एक प्रकार म्हणजे पॅसेजमधे नसलेलंच पण ऐकायला शहाणपणाचं वाटणारं वाक्य. तिसरा, एका परिच्छेदाची गोष्ट अख्ख्या पॅसेजचं सार म्हणून देतात. तुमच्या एका तासात नवा पेपर अजिबात घेऊ नका. तिने सोडवलेला जुना एकच पॅसेज घ्या आणि प्रत्येक चुकलेल्या पर्यायाबद्दल विचारा की हा का चूक, कुठल्या ओळीमुळे चूक. बोट ठेवून दाखवायला सांगा. बरोबर उत्तराचंही तसंच. एका तासात एक पॅसेज झाला तरी भरपूर झालं.

बारावीचे_मास्तर

दुभाष्यांशी ९० टक्के सहमत. मी आपल्याकडे ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवतो, गाओकाओचा अनुभव नाही, पण वाचनातली अडचण ओळखीची आहे. आपल्या बारावीत ८० मार्कांच्या पेपरात पुस्तकातलेही उतारे येतात, मुलांनी धडा वर्गात ऐकलेला असतो, त्यामुळे नीट न वाचताही बरंच निभावतं. गाओकाओत पाठ्यपुस्तकातलं काहीच येत नाही, सगळे उतारे नवे, म्हणजे खरी परीक्षा वाचण्याचीच होते.

मला अजून एक गोष्ट सांगायची आहे ती म्हणजे लांब वाक्यं. सी-डी पॅसेजमधे चार-चार ओळींचं एक वाक्य असतं आणि मुलं शब्दांचे अर्थ एकापुढे एक ठेवून अंदाजाने वाक्य जुळवतात. चिनी मुलांना हे जास्त का जड जातं ते मराठी माणसाला पटकन कळेल. हे वाक्य घ्या: द बुक दॅट द टीचर हू लेफ्ट लास्ट इयर गेव्ह मी इज लॉस्ट. आपण काय म्हणू, गेल्या वर्षी सोडून गेलेल्या सरांनी मला दिलेलं पुस्तक हरवलं. सगळी माहिती पुस्तकाच्या आधी येते. चिनीतही तसंच, वर्णन आधी आणि नाम शेवटी (दुभाष्यांनी चुकत असेल तर सांगावं). इंग्रजीत नाम आधी येऊन बसतं आणि वर्णन मागून शेपटासारखं वाढत जातं, तोपर्यंत मुलगी विसरते की वाक्य पुस्तकाबद्दल आहे, आणि तिला वाटतं सर हरवले. असल्या वाक्यात मी मुलांना एकच काम देतो, मुख्य क्रियापद शोधा आणि ते कोणाचं ते सांगा, बाकीचं सगळं पेन्सिलने कंसात टाका. बुक इज लॉस्ट. एवढं हातात आलं की मग कंस एकेक उघडायचे.

दुसरं, क्रियापदाची रूपं. चिनीत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे शुड हॅव गॉन म्हणजे गेलाच नाही, यूज्ड टू म्हणजे आता नाही, हे त्या मुलांच्या नजरेतून सुटतं. व्याकरणाच्या प्रश्नात बरोबर लिहितील पण वाचताना त्यावरून डोळे पुढे जातात, आणि अनुमानाचे प्रश्न नेमके तिथेच असतात. लेखक खूष आहे का नाराज हे त्या एका हॅवमधे लपलेलं असतं.

आणि ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ. ॲड्रेस म्हणजे पत्ता हे पाठ, पण ॲड्रेस अ प्रॉब्लेम आलं की गोंधळ. कव्हर, शोल्डर, सीझन, सगळे असेच. यादीत एका शब्दासमोर एकच अर्थ घोकला की असं होणारच. शब्द वाक्यासकट वहीत लिहायला लावा, निदान पॅसेजमधे भेटलेले तरी.

दुभाष्या

मास्तर, बरोबर आहे, चिनीत विशेषण-वाक्य पूर्ण आधी येतं आणि मग नाम. त्यामुळे ताईंनी मराठीतून विचार करून बघितलं तर मुलगी कुठे अडते ते त्यांना आधीच कळेल, इंग्लंड-अमेरिकेतल्या शिक्षकाला हे सहजी दिसत नाही.

सुझौकरीण

किती मनापासून लिहिलंत दोघांनी, खूप खूप आभार. आज तोच गाल्टनवाला पॅसेज घेतला. तिने गेल्या वर्षी शाळेत सोडवला होता आणि खरंच डॉमिनंटवरच खूण होती!! मी काही न सांगता फक्त विचारलं, ओळ दाखव. तिने डॉमिनंटखाली बोट ठेवलं, मग मी म्हटलं आता ते वाक्य पहिल्यापासून मोठ्याने वाच, तर वाझण्टपाशी थांबली आणि आऽऽ असा आवाज काढला. नंतर बाकीच्या तीन प्रश्नांच्या ओळी स्वतःहून शोधायला लागली, तिची आई चहा ठेवून गेली तरी मान वर नाही. मला फार बरं वाटलं.

पण आता ती विचारते की असं बोट ठेवून वाचत बसले तर वेळ कसा पुरणार, आणि हे सातातले पाच तिला अजिबात जमत नाहीत, पाचातली दोन अदलाबदल होतात. त्याला काय करावं?

हुबेईची_सून

मी सहसा नुसती वाचते पण इथे लिहावंसं वाटलं. माझं सासर हुबेई प्रांतातल्या वूहानचं, दिराचा मुलगा २०२४ ला गाओकाओला बसला, हुबेईलाही तोच पेपर असतो. तो बारावीत असताना आम्ही तिथेच होतो त्यामुळे हे सगळं घरात चाललेलं पाहिलंय.

वेळेचं म्हणाल तर ऐकण्याचा भाग साधारण २० मिनिटांत होतो, उरतात १००. त्यातली ३५ मिनिटं वाचनाला, लेखनाला ४० तरी ठेवायचीच, उरलेल्यात गाळलेले शब्द आणि व्याकरण. ए पॅसेज बहुतेक जाहिरात किंवा माहितीपत्रक असतं, २०२३ ला ॲम्स्टरडॅमच्या सायकल टूरचं होतं, त्यात तीनच प्रश्न असतात आणि तिथे शब्द शोधणं चालतं, उलट तसंच करायचं असतं, चार मिनिटांत उरकायचा. वाचलेला वेळ डीला. आमच्या पुतण्याला सगळे पॅसेज सारख्याच वेगाने वाचायची सवय होती, ती मोडल्यावर बराच फरक पडला. आणि बोट ठेवायची सवय आत्ता अकरावीत लावा, सहा-आठ महिन्यांनी ते डोळ्यांनीच होतं, परीक्षेत वेगळा वेळ लागत नाही.

सातातल्या पाचाला तो आधी सात पर्याय न वाचता पॅसेज वाचायचा आणि प्रत्येक रिकाम्या जागी काय यायला हवं ते मनात ठरवायचा. इथे उदाहरण हवं, इथे उलट मुद्दा हवा, इथे परिच्छेदाचं पहिलं वाक्य म्हणजे मथळ्यासारखं काहीतरी हवं. मग पर्याय. पर्यायात दे (they), दिस (this), सच (such) असं काही असेल तर ते कोणाबद्दल आहे ते आधीच्या ओळीत सापडलंच पाहिजे, नाही सापडलं तर तो पर्याय तिथला नाही, कितीही छान वाटला तरी. अदलाबदल होते ती बहुतेक रिकाम्या जागेच्या पुढचं वाक्य न वाचल्यामुळे. मुलं मागचं वाक्य बघतात आणि लावून मोकळी होतात. त्यामुळे वाक्य बसवलं की मागचं, हे आणि पुढचं अशी तीन सलग वाचायची.

अजून एक सांगते, लेखनातले २५ मार्क गोष्ट पूर्ण करण्याचे असतात ना, तेही खरं तर वाचनच आहे. २०२४ ला व्हिएन्नातल्या टॅक्सी ड्रायव्हरची गोष्ट होती, प्रवाशाला प्रागची बस गाठायची असते, ड्रायव्हर वेळेत पोचवतो आणि मग पैसे द्यायची वेळ येते तर कार्ड चालत नाही, एटीएमही चालत नाही. पुढचं मुलांनी लिहायचं. ज्यांनी ड्रायव्हर कसा माणूस आहे हे आधीच्या ओळींतून पकडलं त्यांना पुढचं सुचलं. तेव्हा तुमच्या तासात महिन्यातून एकदा अशी गोष्ट घ्या, लिहायला लावू नका, नुसतं विचारा की हा माणूस आता काय करेल आणि तुला असं का वाटतं. मुलीही खुलतात, रोजच्या पेपरांमधे त्यांना कोणी हे विचारतच नाही.

आणि ताई, पैसे घेत नाही म्हणालात ते तसंच राहू द्या. फॅमिली व्हिसावर शिकवणीचे पैसे घेता येत नाहीत आणि २०२१ पासून तिकडे खाजगी शिकवण्यांचे नियम एकूणच कडक झालेत.

बारावीचे_मास्तर

सुनबाईंचा तो पुढचं वाक्य वाचायचा मुद्दा मी उद्या वर्गात सांगणार आहे, आमच्याही पोरांना लागू आहे.

सुझौकरीण

सगळं वहीत उतरवून घेतलं. पुढच्या रविवारी व्हिएन्नाची गोष्ट घेते. तिच्या बाईंनाही सांगू का हे, की शाळेच्या कामात ढवळाढवळ वाटेल?

हुबेईची_सून

तुम्ही नका सांगू, मुलीलाच सांगू दे. पुढच्या मॉक टेस्टनंतर चुकलेल्या प्रश्नाची ओळ दाखवून तिने बाईंनाच विचारावं की ही ओळ असताना हा पर्याय का चूक. तिथल्या बाई अशा प्रश्नांना मनापासून वेळ देतात, आमच्या पुतण्याच्या तर रात्रीच्या अभ्यासाच्या वेळी वर्गाबाहेर टेबल टाकून बसायच्या.