नवा नाल ठोकल्यावर घोडी लंगडतेय, थांबू का?

मल्हारगंजकर
आमची मारवाडी घोडी आहे, इंदूरलाच, वरातीला जाते. परवा चारही पायांना नवे नाल ठोकून घेतले. कालपासून पुढचा डावा पाय टेकवायला कचरते. जखम कुठे नाही, पण तो खूर दुसऱ्यापेक्षा गरम लागतो. फोटो टाकलाय. नालबंद म्हणतो, दोन दिवसांत सवय होईल. शनिवारी वरात आहे.

नालबंद काका
दादा, थांबू नका, आणि वरात सोडा. ठोकल्यावर दोन-तीन दिवसांत लंगडली की माझा पहिला संशय खिळ्यावर. एक तर तो आतल्या जिवंत भागात गेलाय, नाहीतर अगदी खेटून बसलाय आणि दाबतोय.

नाल एकदम ओढून काढू देऊ नका. खिळ्यांचे वळवलेले शेंडे आधी सरळ करायचे, मग एकेक खिळा उपटायचा. मी प्रत्येक खिळा बोटाने पुसून बघतो, वास घेतो. ओला, काळपट, घाण वासाचा निघाला की दुखणं तिथलंच.

फोटोत बाहेरून खुराची कड घासलेली दिसतेय. हे बघून जीव जळतो. तयार नाल लहान पडला की कानस फिरवून खूरच लहान करतात. तसं केलं की भिंत पातळ होते, खिळ्याला जागा उरत नाही. तळव्याच्या कडेने फिकट पिवळसर रेघ असते, खिळा तिच्या बाहेरच हवा. खिळ्याच्या टोकाची तिरकी बाजू आत ठेवली तर तो बाहेर वळतो, उलटा धरला तर सरळ मांसाकडे जातो. हातोडीखाली आवाज बद्द आला आणि खिळा लोण्यात गेल्यासारखा सरकला, की मी तिथल्या तिथे उपटतो. शेवटचा खिळा टाचेकडे नेत नाही, टाच पसरायला मोकळी लागते.

महूचा पशुवैद्य
काकांशी सहमत. खिळा काढताना डॉक्टर जवळ असू द्या, पू असेल तर वाट करून द्यावी लागेल. धनुर्वाताची लस कधी दिली? घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, हे टाळू नका. आणि दुसरा पुढचा खूरही गरम झाला, घोडी मागच्या पायांवर रेलून उभी राहू लागली, तर लगेच कळवा. वरातीत भिजवलेली चण्याची डाळ चारतात ना, घरोघरी ओंजळभर म्हटलं तरी पोटात किती जाते? जास्त दाण्यानेही खूर धरतात, म्हणजे आतून सुजून दुखतात, पण त्यात सहसा दोन्ही पुढचे पाय दुखतात.

मल्हारगंजकर
बाहेरच्या बाजूचा तिसरा खिळा ओला निघाला, वासही होता. डॉक्टरांनी पू काढला, इंजेक्शन दिलं, खूर बांधलाय. यजमानांना दुसरी घोडी सांगितली. काका, आता नाल कधी?

नालबंद काका
अनवाणी, कठीण जमिनीवर सरळ चालू लागली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की. तोवर ठाण कोरडं ठेवा, लीद साचू देऊ नका. खूर महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, म्हणून घासलेली कड भरून यायला काही महिने जातील. पुढचा नाल त्या पायाच्या मापाने घडवून घ्या, आणि ठोकताना स्वतः पाय धरून उभे राहा.