पाचवा महिना, बैठं काम, बजेट १५००: व्यायामासाठी काय घेऊ?

मृद्गंध_सातारा
नमस्कार मंडळी. पहिली वेळ आहे, १९वा आठवडा चालू. उंची पाच फूट एक इंच. पोवई नाक्याजवळ ऑफिस, आठ तास खुर्ची. सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) वर आहे, पिशवीचं तोंड ठीक आहे, डॉक्टर म्हणाल्या व्यायामाला हरकत नाही. हिमोग्लोबिन १०.६, गोळ्या चालू आहेत. सासूबाई म्हणतात रोज टेकडीवरच्या 'चार भिंती' या ठिकाणापर्यंत चढून ये, आई म्हणते जिनासुद्धा चढू नकोस. जिमचा मोठा बॉल घेऊ की योगाचा क्लास लावू? बजेट १५००, त्याच्या वर जमणार नाही.

गोडोलीकर७७
थोडं बजेट वाढवा आणि ट्रेडमिल घ्या, वीस-पंचवीस हजारांत मोटरवाली येते. साताऱ्याच्या पावसात बाहेर चालणं होत नाही. चढ शून्य ठेवायचा, वेग ताशी ४ किमी, लाल क्लिप (ओढली गेली की पट्टा थांबतो) कपड्याला अडकवायचीच.

फिजिओ_कोरेगाव
ताई, ट्रेडमिल नको. पोट पुढे आलं की शरीराचा तोल बदलतो, हार्मोनमुळे सांध्यांचे बंध सैल पडतात आणि खाली बघितलं तर स्वतःचं पाऊल दिसत नाही. सरकत्या पट्ट्यावर पाय चुकायला एवढं पुरे. यंत्रच घ्यायचं तर जागेवरची सायकल, त्यात पडायची भीती कमी.
मूळ हिशोब आठवड्याला १५० मिनिटांचा, म्हणजे रोज तीस मिनिटं, पाच दिवस. सलग हवं असं नाही, दहा-दहाचे तीन तुकडे चालतात. चालता चालता बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा.

वाईची_मीनल
बॉलच घे! आमच्याकडे ६५ सेंमीचा आहे, एकदम मस्त. कंबरदुखीवर त्याच्यासारखं काही नाही.

फिजिओ_कोरेगाव
पाच फूट एकला ६५ मोठा होतो, टाचा अधांतरी राहतात. ५५चा घ्यायचा, 'अँटी-बर्स्ट' (म्हणजे एकदम न फुटणारा) लिहिलेलाच. भिंतीवर जमिनीपासून ५५ सेंमीवर पेन्सिलची खूण करा. पहिल्या दिवशी खुणेच्या बोटभर खालीच थांबा, रबर ताणू द्या, दुसऱ्या दिवशी खुणेपर्यंत हवा भरा. बसल्यावर कुल्ले गुडघ्यांपेक्षा किंचित वर हवेत. गुळगुळीत फरशीवर ठेवू नका, खाली योगा मॅट, मागे भिंत आणि पहिले काही दिवस शेजारी माणूस.

कृष्णामाई
बॉल-बिल कशाला? झाडू, पोछा, उकिडवं बसून भांडी, याच्यात सगळा व्यायाम होतो. आणि नाडी १४०च्या वर जाऊ द्यायची नाही हे लक्षात ठेव.

सांगलीचा_डॉक्टर
१४०ची मर्यादा १९८५च्या अमेरिकन मार्गदर्शनात होती, १९९४ला त्यांनीच काढून टाकली. गरोदरपणात बसल्या जागीही नाडी मिनिटाला दहा-वीस ठोक्यांनी वाढलेली असते, म्हणून बोलण्याची कसोटीच बरी. आणि घरकामाने अंग दुखतं, पण दम लागेल असं सलग चालणं होत नाही. ते त्या १५० मिनिटांत धरू नका.
गुंतागुंत नसेल तर व्यायामाने गर्भपात होतो किंवा दिवस आधी भरतात, असं दिसत नाही. उलट गरोदरपणातला मधुमेह, रक्तदाबाचा त्रास, अवाजवी वजन या तिन्हींचा धोका कमी होतो. आईंना हे नक्की सांगा, त्यांची काळजी यावरच आहे.

कृष्णामाई
मग कपालभाती तरी करावी की नाही?

सांगलीचा_डॉक्टर
नाही. पोटाला झटके बसतात. श्वास कोंडून धरायचा कुंभकही नको. पालथं झोपून करायची आसनं बंद. चौथ्या महिन्यानंतर उताणं पडून काही करायचं नाही, कारण गर्भाशयाच्या भाराने पोटामागची मोठी रक्तवाहिनी दबते, चक्कर येते. त्याऐवजी गुडघ्या-हातांवर मार्जरासन, भिंतीला हात टेकून पुशअप, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं.

वाईची_मीनल
आणि चार भिंती? तिकडचं कोणी बोललंच नाही.

फिजिओ_कोरेगाव
चढण्यापेक्षा उतरणं वाईट. सुट्या खडीवर आणि पावसाळ्यात शेवाळावर सैल सांध्यांनी उतरताना घोटा मुरगळतो. सपाट जागा घ्या, शाहू क्रीडा संकुलाची धावपट्टी पुरेशी आहे.
राहिलेली मोठी गोष्ट: लघवी अडवताना जे स्नायू आवळतात ते पाच सेकंद आवळा, पाच सेकंद पूर्ण सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. चूक होते ती सोडण्यात, लोक अर्धवट सोडतात, श्वास धरतात, कुल्ले आवळतात. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करायचा नाही.

सांगलीचा_डॉक्टर
रक्तस्राव, पाणी जाणं, ठरावीक अंतराने पोट घट्ट होऊन दुखणं, छातीत दुखणं, चक्कर, पोटरी सुजून दुखणं, यातलं काहीही झालं की तिथेच थांबून दवाखाना गाठा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तिथे हिमोग्लोबिन पुन्हा बघून घ्या. १०.६ला चालणं चालेल, सातच्या खाली गेलं तर व्यायाम बंद.

गोडोलीकर७७
ट्रेडमिल हप्त्यानेही मिळते.

मृद्गंध_सातारा
सगळ्यांचे मनापासून आभार. बॉल नाही, क्लास नाही, संकुलही नाही, कारण तिथे जायचा-यायचा रिक्षाखर्च रोजचा होईल. पंधराशेत चालायचे बूट घेते. ऑफिसचा लांब व्हरांडा सपाट आहे, सकाळी, जेवणानंतर तासाभराने आणि सुटायच्या आधी दहा-दहा मिनिटं चालेन. आसनं आणि आवळणं घरी.

फिजिओ_कोरेगाव
मग बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय सुजलेले असतात. अंगठ्यापुढे एक बोट जागा ठेवा. आणि लेसचे नको, वेल्क्रोचे बघा, सातव्या महिन्यानंतर वाकून गाठ मारता येत नाही.