आडाम क्राफ्टचं गुडघे टेकणं : नम्रता की ठसका?

टाकीघाव :
जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या सेंट लॉरेन्झ चर्चमध्ये ख्रिस्ती उपासनेतली पवित्र भाकर ठेवायचा दगडी मनोरा आहे. जवळपास 20 मीटर उंच, 1493 ते 1496 मध्ये घडवलेला. शेंडा तर छताखाली कोवळ्या कोंबासारखा वळलाय. तळाशी हा डोलारा माणसाच्या मापाच्या, गुडघे टेकलेल्या तिघांनी पेललाय. त्यातला हातोडा-छिन्नी घेतलेला दाढीवाला म्हणजे खुद्द शिल्पकार आडाम क्राफ्ट, बाकीचे त्याच्या हाताखालचे, असं मानतात. त्याला ‘नम्र सेवक’ म्हणायची पद्धत पडलीय. मला नाही पटत. मनोऱ्यावर कोरलेले येशूचे प्रसंग बघायला मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं, आणि हा बाबा अवजारांसकट थेट नजरेसमोर! हा ठसका आहे, आणि तो त्याला शोभतो.

जुनी_वही :
शहर व्यापाऱ्यांचं होतं, हे विसरताय. पैसे हान्स इमहोफ या धनिक व्यापाऱ्याचे, करार 700 गुल्डनचा (तिथलं तेव्हाचं नाणं), आणि कुलचिन्हं कोरली ती इमहोफांची. कारागिराला जागा मिळाली ती तळाला, तीही गुडघ्यावर, पाठीवर ओझं घेऊन. याला ठसका म्हणायचं तर मग हमालालाही मिरवणारा म्हणा.

टाकीघाव :
कुलचिन्ह बघायला कोण थांबतं हो? लोक चेहरा बघतात. आणि हा एकटाच नाही. त्याच शहरात धातूचं ओतकाम करणाऱ्या पेटर फिशरनं सेंट झेबाल्डच्या समाधीवर कातडी एप्रन घातलेला स्वतःचा पुतळा ओतून ठेवलाय. पाठोपाठ दोघांना हे सुचतं, म्हणजे हवेत काहीतरी होतं.

रिकामटेकडी :
हवेत काय होतं ते सांगते. 1348-49 च्या उठावानंतर तिथल्या नगरसभेनं कारागिरांचे संघच बंद केले. सत्ता मोजक्या श्रीमंत घराण्यांकडे. संघटना नाही, सभेत वजन नाही. अशा गावात स्वतःचं तोंड दगडात कोरणं ही साधी गोष्ट नव्हे. मी धागाकर्त्याच्या बाजूनं.

जुनी_वही :
एवढं बंड अंगात होतं, तर 1497 मध्ये त्याच माणसानं शहराच्या वजनकाट्यासाठी कोरलेला देखावा बघा. मधे तोलणारा अधिकारी, एका बाजूला वजन चढवणारा गडी, दुसरीकडे थैलीत हात घालणारा व्यापारी (चेहऱ्यावरून पैसे सुटताना जीव चाललाय असं वाटतं). वर मजकूर, ‘तुला जसं, तसंच दुसऱ्यालाही’. इथे क्राफ्ट कुठेच नाही, आणि गड्याचे हात मात्र तितक्याच जीव ओतून केलेत. त्याला कष्टणारी माणसं कोरायला आवडायची, बस. चर्चमध्ये ओझं पेलणारं कुणीतरी हवं होतं, समोर स्वतःच होता.

टाकीघाव :
गडी छान आहे, मान्य. पण तो त्याचं काम करतोय. मनोऱ्याखालचा माणूस छिन्नी धरून बसलाय, आणि ओझं उचलायला छिन्नी लागत नाही.

जुनी_वही :
बरं, छिन्नी तुमची. पण 1525 मध्ये शहर धर्मसुधारक लूथरच्या बाजूला गेलं, त्याच्या पंथात भाकर अशी जपून ठेवत नाहीत, तेव्हा या मनोऱ्याचा उपयोगच संपला. तरी तो पाडला नाही, कारण इमहोफ घराण्याचं दान होतं. ज्या कुलचिन्हाकडे कुणी बघत नाही म्हणता ना, त्याच्यामुळे तुमचा दाढीवाला आज जागेवर आहे.