सागाची विरळणी : जाड झाडं काढायची की बारीक? मदत हवी आहे

डोंगरउतार
नमस्कार मंडळी,
लांज्याजवळ आमचा दीड एकर साग आहे. बाबांनी नऊ वर्षांपूर्वी दोन बाय दोन मीटरवर लावला, मेलेली सोडून आज तेराशेच्या आसपास झाडं उभी आहेत. पहिली चार-पाच वर्षं झपाट्याने वाढला, आता थबकलाय. बांधाकडेच्या झाडांचा छातीच्या उंचीवर घेर 50 सेंमीपर्यंत भरतो, आतली मात्र 25-30 वरच अडकलीत. पावसाळ्यात आत शिरलं तर भर दुपारी काळोख. हिरवी पानं फक्त शेंड्याला, खाली नुसत्या काठ्या.

विरळणी हवी हे मला पटलंय. अडलंय ते कोणती झाडं काढायची यावर. व्यापारी म्हणतो, "जाड जाड शे-दीडशे मी रोखीने घेतो, बारीक मोकळी झाली की आपोआप भरतील." रोपवाटिकेवाला म्हणतो, तिरप्या ओळी धरा आणि एक सोडून एक ओळ साफ करा. बाबांचं तिसरंच : एकही झाड तोडायचं नाही, जितकी झाडं तितके पैसे.

किती काढू, एकदम की टप्प्याने, कोणत्या महिन्यात? स्वतःच्या जमिनीतला साग तोडायला परवानगी लागते का? आणि हा बारीक माल कोणी घेतं का?

सुरपारंब्या
व्यापाऱ्याला आधी नमस्कार करून वाटेला लावा. एकाच वयाच्या लागवडीत जाड झालेलं झाड म्हणजे स्पर्धा जिंकलेलं झाड. ते विकून हरलेली ठेवलीत तर पुढची वीस वर्षं हरलेल्यांनाच पोसाल. साग उन्हाचा भुकेला, सावलीत दबून शेंडा आखडलेलं झाड नंतर मोकळं केलं तरी क्वचितच उभारी धरतं.

तिरप्या ओळींची पद्धत खोटी नाही. तशी ओळ काढली की झाडं निम्मी होतात आणि अंतर दोनचं 2.8 मीटर होतं. पण ती पाचव्या-सहाव्या वर्षी ठीक, जेव्हा सगळी सारखीच दिसतात. तुमच्याकडे आता फरक उघड दिसतोय, मग डोळे मिटून ओळ कशाला कापायची? आधी वाकडी, दुबेळकी, शेंडा मोडलेली, कीड लागलेली आणि दबलेली झाडं धरा. त्यानंतर दोन चांगल्या झाडांचे शेंडे एकमेकांत घुसले असतील तर त्यातलं एक. एवढ्यात साडेचारशे-पाचशे सहज निघतील. यंदा तिथेच थांबा. काठीसारखी उंच वाढलेली झाडं एकदम उघडी पडली की जूनच्या वाऱ्यात वाकतात, शिवाय खोडावर नको तिथे फुटवे येतात. दुसरा हात चार-पाच वर्षांनी, शेंडे परत भिडले की.

खुणा पानं असताना करा, दिवाळीच्या सुमारास. कोणाचा शेंडा कोणाला दाबतोय ते तेव्हाच कळतं. तोड पानगळीनंतर. खाली पडलेला पाला-फांद्या मात्र लगेच बाहेर काढा, आपल्याकडचे वणवे माहीत आहेत ना!

काजूबी
परवानगी लागते. महाराष्ट्रातल्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग आहे, झाड तुमच्या मालकीचं असलं तरी. वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करा, माल बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वेगळा. त्याआधी सातबारा नीट वाचा : सागाची नोंद आहे का, आणि इतर हक्कात 'खाजगी वन' असा शेरा तर नाही ना? कोकणात खाजगी वनं सरकारजमा करणाऱ्या 1975 च्या कायद्याने असे शेरे पुष्कळ सातबाऱ्यांवर बसलेत. तो असेल तर प्रकरण वेगळं, कोयता उचलू नका.

मालाबद्दल फार आशा नको. या वयात गाभा बोटाएवढा, बाकी पांढरं लाकूड, त्याला वाळवी आणि भुंगा दोन्ही लागतात. कुंपणाचे खांब, मांडवाचे वासे, उरलेली फाटी. तोडणीची मजुरी सुटली तरी बास.

डोंगरउतार
दोघांचेही आभार. सातबारा काढतो. बाबांना कसं पटवू पण?

सुरपारंब्या
त्यांचाच हिशेब त्यांच्यापुढे मांडा. तेवढी जमीन वर्षाला साधारण तेवढंच लाकूड देते. ते तेराशे काठ्यांत वाटायचं की चारशे ओंडक्यांत, एवढंच आपल्या हातात. आणि सागाचा दर घनफुटाला असला तरी घेर वाढला की दरही चढतो, बारीक माल दुप्पट असला तरी जाडाची किंमत देत नाही.

तरी ऐकेनात, तर मधला वीस बाय वीस मीटरचा तुकडा त्यांच्याकडून मागून घ्या. त्यात शंभरेक झाडं येतील, परवानगी तेवढ्याचीच काढा. राखलेल्या झाडांवर छातीच्या उंचीला रंगाचा पट्टा मारून घेर वहीत लिहा, शेजारच्या न तोडलेल्या तुकड्यातल्या झाडांचाही. दर वर्षी त्याच पट्ट्यावर टेप लावा, आणि टेप बाबांच्याच हातात द्या.

एक राहिलं : तोडलेल्या बुंध्यांना पावसाळ्यात जोमाने फुटवे येतील. सागाचा फुटवा रोपापेक्षा वेगाने वर जातो. पहिली दोन वर्षं ते खुडत राहा, नाहीतर मोकळी केलेली जागा तेच परत भरतील.