शब्दचर्चा : लेसरमधलं ‘पम्पिंग’ – पंपन, उद्दीपन की उपसा?

मूळ प्रश्न
नमस्कार मंडळी. पुसद तालुक्यातल्या एका गावात मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. प्रदर्शनासाठी मुलं तक्ता करताहेत : एलईडीच्या उजेडावर चालणारे छोटे स्थायू लेसर. शीर्षकातच अडलं. एका मुलीनं ‘एलईडी-पंपित’ लिहून खाली चित्र काढलं. त्यात एलईडीच्या पाठीवर फवारणीचा पंप आहे आणि तो स्फटिकावर उजेड मारतोय! तिला चूक म्हणवेना. कापसाच्या गावात पंप म्हणजे आधी तोच.

निओडिमियम मिसळलेला ‘यॅग’ नावाचा स्फटिक सुमारे ८०८ नॅनोमीटरचा उजेड शोषतो. निओडिमियमचे कण ऊर्जेच्या वरच्या पातळीवर चढतात आणि १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त उजेड देत उतरतात. त्या चढवण्याला इंग्रजीत ‘पम्पिंग’ म्हणतात, मराठीत काय म्हणावं? ‘उद्दीपन’ नको, कारण ‘उद्दीपित उत्सर्जन’, म्हणजे वर चढलेल्या कणानं आलेल्या उजेडाच्या धक्क्यानं तसाच उजेड देणं, ही पुढची, वेगळी पायरी आहे. मुलं दोन्हींची गल्लत करतात.

प्रतिसाद १
सर, मी अचलपूरकडचा. लेसर मले समजत नाही, पन पानी समजते. खालचं वर आनलं का आमी ‘उपसा’ म्हनतो. लहानपनी आजाची मोट पाह्यली. मोट थेट पाटात रिती होत नाही. ती पाटाच्या बरीच वर येते, थारोळ्यात सांडते, तिथं पानी घडीभर थांबते, मंग पाटानं ओलिताले जाते.

मूळ लेखक
दादा, तुम्ही तर चारही पातळ्या सांगितल्या! विहीर ही तळची पातळी, मोटेची उंची ही शोषणाची. थारोळं म्हणजे जिथं कण सुमारे २३० मायक्रोसेकंद थांबतात ती पातळी. तिथून पाटात पडताना लेसरचा उजेड मिळतो आणि पाटातून कण लगेच परत तळाला जातात. थारोळ्यात पाटापेक्षा जास्त कण साठले पाहिजेत, हीच लेसरची अट. आणि मोट थारोळ्याच्या वर नेऊन ओतावी लागते, तसंच इथंही. शोषलेल्या ८०८ च्या ऊर्जेतला जवळपास २४ टक्के भाग १०६४ देताना उष्णता होऊन स्फटिकातच राहतो.

प्रतिसाद २
सर, ‘उपसा’ला माझाही कौल. ‘उपसा सिंचन’ रुळलेलं आहेच, त्याच घडणीचं ‘एलईडी-उपसा लेसर’. ‘उपसित’ करू नका, कानाला टोचतं. मी मूळची आर्वीची, आता नागपुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, म्हणून दोन गोष्टी आवर्जून.

तक्त्यावर नुसतं ‘डायोड’ लिहू नका, एलईडी आणि लेसर-डायोड दोन्ही डायोडच. हिरव्या लेसर पॉइंटरमध्ये बहुधा ८०८ चा लेसर-डायोड उपसा करतो. एका स्फटिकातून १०६४ निघतं, दुसरा त्याचं ५३२, म्हणजे हिरवं करतो. तिथं एलईडी नसते. पॉइंटर मुलांना उघडू देऊ नका. न दिसणारा अवरक्त उजेड डोळ्यात गेला तर इजा होते.

दुसरं, त्या मुलीचं चित्र फार चुकलेलं नाही. लेसर-डायोडचा उजेड धारेसारखा एका बारीक ठिकाणी आणता येतो. एलईडीचा उजेड फवाऱ्यासारखा सगळीकडे पसरतो, आणि त्याचे रंगही कित्येक नॅनोमीटर रुंद पट्ट्यात विखुरलेले असतात. म्हणून तो स्फटिकात पुरेसा भरणं अवघड. थारोळं गळकं असेल आणि मोटेचं पाणी गळतीपेक्षा कमी पडत असेल, तर पाट वाहणारच नाही. लेसरचा उंबरठा म्हणतात तो हाच. १९६० च्या पहिल्या, माणकाच्या लेसरचा उपसा लखलखणाऱ्या झोतदिव्यानं केला होता. एलईडीनं यॅगचा उपसा त्याच दशकाच्या अखेरीस झाला, पण बरीच थंडी द्यावी लागली. आता एलईडी जोरकस आणि स्वस्त झाल्या आहेत. पातळ चकाकत्या पट्टीत त्यांचा उजेड गोळा करून कडेनं स्फटिकात सोडतात, म्हणून हा विषय पुन्हा जिवंत झालाय.

‘स्थायू’ ठेवलंत ते उत्तम. इलेक्ट्रॉनिक्समध्ये ‘सॉलिड-स्टेट’ म्हटलं की अर्धवाहक आठवतो, लेसरमध्ये मात्र त्याचा अर्थ स्फटिक किंवा काच. अर्धवाहक लेसर वेगळा मोजतात.

मूळ लेखक
ताई, आभार. शीर्षक ठरलं : ‘एलईडी-उपसा स्थायू लेसर’. मुलीला फवाऱ्याचं चित्र खोडू दिलं नाही. त्याच्या शेजारी ती आता मोट काढतेय आणि बैल किती काढायचे ते विचारतेय. अचलपूरवाले दादा, सांगा.