मदत हवी आहे: इम्युनॉलॉजिस्ट व्हायला हा कोर्स करावा का? (अर्जंट)

मेडिकलवाला_मामा
नमस्कार मंडळी. भाचीला इम्युनॉलॉजिस्ट, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीची तज्ज्ञ, व्हायचंय, अ‍ॅलर्जी आणि ऑटोइम्यून (शरीर स्वतःवरच उलटतं त्या) आजारांमधलं. कोर्सला पैसे भरावेत की नाही एवढंच सांगा. परवा शेवटची तारीख आहे. गूगल करून झालंय, लिंका देऊ नयेत. स्कोप आणि पगार दोन्ही लिहा. मुलगी हुशार आहे.

खडूस_डॉक्टर
मामा, अर्धा प्रश्न घरीच राहिला. बारावी, बीएस्सी की एमबीबीएस? कोणता कोर्स? कुठे?

पुणेरी_शिंकऱ्या
मला २० वर्षं सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात. मोजून अकरा. बायको दहाव्या शिंकेला चहा टाकते. इतक्या वर्षांत कान-नाक-घसा, छातीवाले, त्वचावाले सगळे करून झाले, पण इम्युनॉलॉजिस्टकडे जा असं एकानंही सांगितलं नाही. म्हणजे स्कोप आहे की नाही ते तुम्हीच ठरवा.

मेडिकलवाला_मामा
बारावी सायन्स झालीय, ७९ टक्के. नीटला नंबर लागला नाही. आता सांगा.

खडूस_डॉक्टर
मग पुन्हा नीट द्या, दुसरा रस्ता नाही. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग मेडिसिन किंवा बालरोगात एमडी ३ वर्षं, मग डीएम (एमडीच्या वरची पदवी) क्लिनिकल इम्युनॉलॉजी अँड ऱ्हुमॅटॉलॉजी ३ वर्षं. एकूण साडेअकरा, तेही कुठे न अडखळता. लखनौची एसजीपीजीआय, पुदुच्चेरीची जिपमर, चंडीगडची पीजीआय. चंडीगडला लहान मुलांसाठी वेगळं डीएमही आहे. ओपीडीत ल्युपस (असाच एक ऑटोइम्यून आजार) आणि संधिवाताचीच गर्दी असते, शिंकावाले कमी. शिंकऱ्याभाऊ, तुम्हाला कुणी का पाठवलं नाही ते कळलं असेल.

मेडिकलवाला_मामा
अहो डॉक्टर, बारावी तीन वर्षांपूर्वी झाली. आता ती बीएस्सी मायक्रोच्या शेवटच्या वर्षाला आहे.

खडूस_डॉक्टर
मग मी एवढं कशाला टंकलं?

पीएचडीची_बाधा
आता माझा नंबर. बीएस्सी मायक्रो म्हणजे पुढे एमएस्सी (मायक्रो, बायोटेक, लाइफ सायन्स, काहीही चालेल), मग सीएसआयआर नेट, आयसीएमआर किंवा डीबीटीची जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती, पुढे तीच एसआरएफ होते), मग पीएचडी. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात पेशींवर संशोधन करणारी एनसीसीएस आहे, परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था आहे, दिल्लीला तर नावातच इम्युनॉलॉजी असलेली एनआयआय, १९८१ पासून. पगार विचारलात म्हणून: जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला ४२,०००, वर घरभाडं. हे २०२३ पासूनचे आकडे. वेळेवर खात्यात येतात का, हे मात्र विचारू नका. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. त्यानंतरही पोस्टडॉक आहेच. तिशी तिथेच उलटते.

खडूस_डॉक्टर
एकही पेशंट न तपासता इम्युनॉलॉजिस्ट! छान आहे.

पीएचडीची_बाधा
२०२५चं वैद्यकाचं नोबेल याच विषयाला मिळालं, डॉक्टरसाहेब. आपलंच शरीर आपल्यावर उलटू नये म्हणून पहारा देणाऱ्या टी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार). ब्रंकाउ आणि रॅम्सडेल यांनी 'स्कर्फी' नावाच्या खवल्याखवल्यांच्या कातडीच्या उंदरात २००१ साली फॉक्स-पी-३ हे जनुक पकडलं. दोघंही डॉक्टर नाहीत, पीएचडीवाले.

खडूस_डॉक्टर
तिसऱ्याचं नाव सोयीस्करपणे गाळलंत. साकागुची. क्योतोचा एमडी. या पेशी आधी १९९५ साली त्यानेच दाखवल्या.

पीएचडीची_बाधा
गाळलं नाही, तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं. (आणि रॅम्सडेल निकालाच्या दिवशी डोंगरात भटकत होता, फोन बंद. नोबेलवाल्यांना सापडेना. मला तो तेवढ्यासाठीच आवडतो.)

गवतकाप्या
स्कोपचं म्हणाल तर आपल्याकडे गाजरगवत आहे तोवर धंद्याला मरण नाही. अमेरिकेनं पीएल-४८०च्या (धान्य मदतीच्या योजनेतल्या) गव्हातून घातलेली घाण. आमच्या बांधावर कमरेएवढं वाढतं. वडिलांच्या पापण्या आणि मान दर पावसाळ्यानंतर सुजून चिराळतात. प्रिक टेस्ट (सुई टोचून करतात ती अ‍ॅलर्जीची टेस्ट) केली, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाला अ‍ॅलर्जी नाहीच.

सिएटलकर
गव्हाची गोष्ट सगळेच सांगतात, पण भारताशी पीएल-४८०चा करार १९५६चा आणि पुण्यातली गवताची नोंदही त्याच सुमाराची. इतक्या लगेच उगवून पसरलं? जमत नाही.

गवतकाप्या
तुम्ही तिकडे बसून आम्हाला गव्हाचा हिशेब शिकवू नका.

पीएचडीची_बाधा
गव्हाचं सोडा. वडिलांची टेस्ट चुकीची झालीय. गाजरगवताचा त्रास बहुतेकांना टी-पेशींमुळे होतो, आयजीई-मुळे (नेहमीच्या अ‍ॅलर्जीतलं प्रतिपिंड) नाही. तो प्रिकमध्ये दिसत नाही. पॅच टेस्ट करायला सांगा. पाठीवर पट्ट्या लावतात आणि ४८ तासांनी काढून बघतात. 'अ‍ॅलर्जी नाहीच' म्हणाला तो डॉक्टर बदला. इम्युनॉलॉजी शिकलेला माणूस नेमका इथे उपयोगी पडतो.

मावशीची_पोतडी
सुंठ, गूळ, हळद सारख्या वजनात, सुपारीएवढी गोळी, अनशापोटी. माझ्या जावेच्या मुलीचं शीतपित्त गेलं. कोर्सबिर्स काही लागत नाही.

सिएटलकर
भाचीला इकडे पाठवा. पीएचडीला फी नसते, वर स्टायपेंड मिळतो. अ‍ॅलर्जिस्ट व्हायचं असेल तर मात्र इथेही आधी डॉक्टर, मग ३ वर्षं रेसिडेन्सी, मग २ वर्षं फेलोशिप.

पीएचडीची_बाधा
मामा, एक गोष्ट कुणीच विचारली नाही. परवा शेवटची तारीख नेमकी कशाची? एमएस्सीचे फॉर्म एवढ्यात नाहीत.

मेडिकलवाला_मामा
तेच तर विचारत होतो! ऑनलाइन पीजी डिप्लोमा आहे, अ‍ॅलर्जी आणि इम्युनॉलॉजीचा. सहा महिने, ८५ हजार. परवापर्यंत भरले तर ६०. सर्टिफिकेटवर नावापुढे 'इम्युनॉलॉजिस्ट' लिहून मिळतं. दुकानाच्या मागे एक खोली रिकामी आहे, तिथे टेबल टाकून अ‍ॅलर्जी टेस्टिंग सुरू करायचं. सेटिरिझीन घ्यायला रोज तीस-चाळीस लोक येतातच. पेशंट शोधायला जावं लागणार नाही.

खडूस_डॉक्टर
एक रुपयाही भरू नका.

ती टेस्ट कशी होते ते ऐका. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करतात. प्रत्येक खुणेशेजारी एकेका अर्काचा थेंब: धुळीतले किडे, झुरळ, परागकण. एक थेंब हिस्टमिनचा, एक साध्या सलाइनचा. प्रत्येक थेंबातून सुईचं टोक कातडीला जेमतेम टेकवायचं, रक्त येता कामा नये. १५-२० मिनिटांनी गांध मोजायची. सलाइनपेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी असेल तर पॉझिटिव्ह. सेटिरिझीन पाच-सात दिवस आधी बंद नसेल तर हिस्टमिनचीसुद्धा गांध उठत नाही, सगळी टेस्ट वाया. तुमचं गिऱ्हाईक तर गोळी खाऊनच येणार.

आणि क्वचित एखाद्याला त्या खुर्चीवरच अ‍ॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी) झाला, तर मांडीत अ‍ॅड्रेनॅलिन कोण देणार? सहा महिन्यांचं ऑनलाइन सर्टिफिकेट? पोलीस आधी दुकानाचा परवाना बघतील.

मेडिकलवाला_मामा
एवढं चिडायचं काय त्यात? मी तिच्या भल्यासाठीच विचारलं. पैसे अजून भरलेले नाहीत.

पीएचडीची_बाधा
डॉक्टरांशी पहिल्यांदाच शंभर टक्के सहमत. तारीख नोंदवून ठेवा. ते ६० हजार एमएस्सीला वापरा. आणि भाचीला काय हवंय ते तिला विचारलंत का? हा विषय तिच्या डोक्यात आला कुठून?

मेडिकलवाला_मामा
आत्ता फोन केला. बहिणीला, म्हणजे तिच्या आईला, ल्युपस आहे. सहा वर्षं झाली. हे लिहायचं राहिलं. माझ्याच दुकानातून एचसीक्यू (ल्युपसची गोळी) जातं दर महिन्याला. ती म्हणते तिला टेस्टिंगबिस्टिंग नकोय, हे होतं कशानं ते बघायचंय. आणि विचारतेय, उंदीर मारावे लागतात का?

पीएचडीची_बाधा
लागतात. खोटं सांगत नाही. मी मल्टिपल स्क्लेरोसिससारखा (शरीर स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटतं तो) आजार उंदरांत घडवून त्यावर काम करते. रोज सकाळी एकेकाची शेपटी बोटांवर घेऊन बघायची. ताठ असेल तर शून्य, लुळी पडली तर एक. मग मागचे पाय. वहीत आकडे लिहायचे. शेवटी भूल देऊन मारायचे आणि मणका काढायचा. एथिक्स कमिटीची परवानगी असते, पण हात आपलेच असतात. पहिल्या दिवशी मी जेवले नव्हते.

पण सगळ्यांना हे करावं लागत नाही. पेशंटच्या रक्तावर काम करणाऱ्या लॅब आहेत. ल्युपसवर तर माणसाचं रक्तच जास्त बोलतं. फ्लो सायटोमेट्री (मशीनने रक्तातल्या पेशी ओळखून मोजायची पद्धत) शिक म्हणावं. मशीन कॉलेजात नसणारच, तेव्हा उन्हाळ्यात दोन महिने कुठल्या तरी लॅबमध्ये घुसायचं. आजपासून ईमेल पाठवायला लागायचं. वीस पाठवली की दोन उत्तरं येतात. तिला म्हणावं इथे खातं काढ आणि मला व्यनि (खाजगी निरोप) कर.

मेडिकलवाला_मामा
सांगतो. आभारी आहे. मग खोली भाड्यानं देतो.

मावशीची_पोतडी
ल्युपसला सुंठ नको, उष्ण पडते. नुसती हळद.

खडूस_डॉक्टर
मावशी, नुसती हळदही नको. एचसीक्यू चुकवायची नाही आणि वर्षाला डोळे तपासायचे. झाले का सहा वर्षांत एकदा तरी?

मेडिकलवाला_मामा
विचारतो.

पुणेरी_शिंकऱ्या
डॉक्टर, सेटिरिझीन पाच-सात दिवस आधी बंद म्हणालात ना? उद्याची अपॉइंटमेंट घेतलीय टेस्टची. आणि गोळी आत्ताच घेतली.