‘पुकारा’ला मराठीत काय म्हणावं?

इंकांच्या लढायांवर लेख लिहितेय. ‘पुकारा’ हा केचुआ (इंकांच्या भाषेतला) शब्द सारखा येतो. मी सरसकट ‘किल्ला’ लिहिलंय, संपादक म्हणतात ‘गढी’ करा. मराठीत ‘पुकारा’ म्हणजे ओरड, त्यामुळे मूळ शब्द ठेवायलाही धजत नाहीये.

—

गढी अजिबात नको. गढी म्हटलं की गावातला देशमुखांचा बुरूजबंद वाडा आठवतो. पुकारा असतो डोंगरमाथ्यावर. इंकांच्या आधीपासून, साधारण इ.स. १००० नंतर, अँडीजमधल्या वैऱ्यांनी एकमेकांच्या भीतीने असे माथे तटांनी वेढले. पुष्कळ ठिकाणी लोक एरवी खाली राहायचे आणि संकट आलं की वर चढायचे. (अर्जेंटिनातलं तिलकारा मात्र चांगलं नांदतं गाव होतं.) इंकांनी हीच रीत लष्करासाठी उचलली. इक्वाडोरमध्ये कितोच्या ईशान्येला पांबामार्काच्या डोंगररांगेवर त्यांचे डझनाहून जास्त पुकारा आहेत, कायांबे लोकांशी चाललेल्या लांबलचक युद्धातले. माथ्याभोवती एकात एक तट, आणि आत गोफणीसाठी जमवलेले गोटे. इथे ‘गोफण’ बिनधास्त लिहा. त्यांची वाराका तीच.

—

‘डोंगरी कोट’ कसं वाटतं? आणि इंकांच्या साक्सायवामान गडाच्या तटाला ‘नागमोडी’ म्हणू नका हो, सगळीकडे तेच वाचतो. नागमोडी वळण गोलसर असतं. इंकांच्या राजधानीच्या, कुस्कोच्या, डोक्यावरचे ते तीन तट करवतीच्या दात्यांसारखे कोनाकोनात आत-बाहेर जातात. त्यामुळे तटाला भिडलेल्यावर समोरून मारा होतोच, कुशीतूनही होतो. म्हणून ‘करवती तट’. १५३६ मध्ये इंकांनी कुस्कोतल्या स्पॅनिशांना वेढा घातला, तेव्हा स्पॅनिश सरदार हुआन पिझारोच्या डोक्यात इथेच धोंडा बसला आणि त्यातच तो पुढे काही दिवसांनी मेला. आधीच्या दुखापतीने जबडा सुजला होता, म्हणून शिरस्त्राण घातलं नव्हतं. शेवटी स्पॅनिशांनी शिड्या लावून ही जागा इंकांकडून घेतली.

—

‘करवती’ झकास. ‘डोंगरी कोट’ पहिल्या उल्लेखात कंसात द्या, पुढे ‘पुकारा’च ठेवा. ओरडीशी गल्लत होईल ती एका वाक्यापुरती. केचुआत आघात ‘का’वर आहे, म्हणून दीर्घ ‘का’ योग्यच. स्पॅनिशमध्ये तो शेवटच्या ‘रा’वर जातो. अर्जेंटिनाने १९८२ च्या फॉकलंड युद्धात वापरलेलं ‘पुकारा’ विमान याच शब्दावरून.

साक्सायवामानला मात्र नुसतं ‘पुकारा’ म्हणू नका. शंभर टनांच्या आसपासचे दगड सांधे जुळवून बसवलेली, देवकार्यही चालणारी ती जागा. पांबामार्काच्या ओबडधोबड तटांच्या रांगेत ती बसत नाही.